अंगठीला गुंडाळलेला दोरा

साडेचारला तुझ्या बुटाची लेस आवळल्याचा आवाज येतो.
मी झोपेचं सोंग घेतो.
आधी विचारायचो, "आजपण?"
तू म्हणालीस एकदा, "तूच म्हणाला होतास,
लग्नाच्या फोटोत मी गोणीसारखी दिसते."
म्हणालो होतो.
अल्बम चाळताना, हसत,
तोंडात शेव-चिवडा होता माझ्या.

मैदानाच्या बारा फेऱ्या होत्या, मग सोळा, मग तू आकडा सांगणं बंद केलंस.
वॉचमन मला चहाच्या टपरीवर गाठून सांगतो,
"मॅडमला धापच लागत न्हाई बघा."
लागते.
जिन्याच्या सातव्या पायरीवर लागते,
कुकरचं झाकण फिरवताना लागते.

मे महिन्यात, लातूर त्रेचाळीसवर तापलेलं,
टँकरवरून घागर आणून टेकवलीस
आणि माझ्या पाठीला हात लावलास:
रांजणाच्या बुडासारखा गार.
कंगव्यातले केस तू बोटाला गुंडाळून
खिडकीतून टाकतेस
आणि ते मी पाहिले नाहीत
असं आपलं दोघांचं ठरलेलं आहे.
अंगठी गळून पडते म्हणून
तू तिला आतून लाल दोरा गुंडाळलास.

शाळेतल्या बाया विचारतात, शिवलीला, काय करतेस गं,
आम्हालापण सांग.
माझी आई मीठ-मोहऱ्या उतरवते.

मी काय केलं?
भांडलो.
मग भाकरीच्या पापुद्र्याखाली चोरून तूप सोडलं.
तुला वास आला.
तीन दिवस तू माझ्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाहीस,
आणि बरोबर केलंस.

येळवशीला मामाच्या रानात गेलो, औशाकडं.
कडब्याची कोप, चुन्यानं रंगवलेले पाच दगड,
भज्जीची पातेली, आंबिलीचा माठ.
त्या दिवशी रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही
हाताला धरून जेवायला बसवतात.
तुला चार जणींनी धरलं.
तू हसलीस, सोडवून घेतलंस,
"जरा फिरून येते, मग बसते."

मी मागून गेलो.
हरभऱ्याच्या कडेनं तू भराभर चालत होतीस,
करडईचे काटे साडीत अडकत होते,
ओठ हलत होते, आकडे म्हणत असावीस.
चौथ्या वळशाला बांधावर बसलीस.
बसलीस म्हणजे, गुडघ्यांनीच बसवलं तुला.
"कामून आलास मागं?"
मी काही बोललो नाही.
बऱ्याच वेळानं तू म्हणालीस,
"मला थांबता येईना.
रात्री तू झोपल्यावर हॉलमधी चालते मी.
भ्या वाटतं थांबायचं."

जेव, असं मी म्हणालो नाही.
त्या शब्दाला आता आमच्या घरात दात आहेत.
डहाळा उपटला, घाटे सोलत बसलो,
हरभऱ्याची आंब बोटांना लागली.
मी माझे खाल्ले.
तू एक सोललास, तळहातावर ठेवलास,
हिरवा, एवढासा.
किती वेळ, ते माहीत नाही,
घड्याळ तुझ्या हातात होतं.

सोमवारी डॉक्टरबाईंनी विचारलं,
शेवटची पाळी कधी?
तू आधी माझ्याकडं बघितलंस.
मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं.
मग तू सांगितलंस. आठ महिने.
फोटोबद्दल मी सांगितलं.
बाई म्हणाल्या, एका वाक्यानं होत नाही हे असं,
आणि एका वाक्यानं जातही नाही.
पहिल्या अर्ध्यावर माझा अजून विश्वास बसलेला नाही.

त्यानंतर काही दिवस तू जेवलीस, काही दिवस नाही.
घड्याळ एकदा कपाटात ठेवलंस,
दुसऱ्या दिवशी काढलंस.
मी ताटाकडं बघत नाही, शेजारी बसतो,
शाळेतल्या पोरांचं काहीबाही विचारतो.
मोजत नाही म्हणतो,
पण दोऱ्याचे वेढे मला पाठ आहेत: अकरा.

आज साडेचार होऊन गेले.
लेसचा आवाज नाही.
तू जागी आहेस, श्वासावरून कळतं.
मीही जागा आहे, तुलाही कळत असेल.
खाली दूधवाल्यानं स्टँड लावलं.
आपण दोघं झोपेचं सोंग घेऊन पडलोय,
आणि तुझा पाय,
गार,
माझ्या पायाला लागून आहे.